आधी पाकीट वाचा, मग परात भरा : माळ्यावरच्या पत्रांतली तिकिटं सोडवण्याची आणि जपण्याची रीत

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली उतरते, आत दोरीने बांधलेली पत्रांची चळत निघते आणि घरात कुणाला तरी तिकिटांचा नाद असतोच. मग कात्री येते. तिकिटांचे चौकोन कापले जातात, बादलीत भिजतात, कालच्या वर्तमानपत्रावर वाळतात, वहीत फेव्हिकॉलने चिकटतात आणि उरलेली पाकिटं रद्दीवाल्याकडे जातात. यातलं एकही काम बरोबर झालेलं नसतं. त्यातही ओलं तिकीट पुन्हा वाळवता येतं, चुकीच्या पानावरचं हलवता येतं, पण कापलेलं पाकीट जोडता येत नाही.

म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. पहिले तीन टप्पे पूर्ण कोरडे आहेत आणि सगळ्यांत जास्त वेळ तेच खातात. पाण्याचं काम चौथ्या टप्प्यात येतं, त्याआधी नाही. उदाहरणं सांगली-साताऱ्याकडची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या पेट्यांमध्ये काय निघतं यावरच काय ठेवायचं आणि काय भिजवायचं हे ठरतं.

तयारी

वेळ आधी ठरवा. आषाढ-श्रावणात हे काम काढू नका. हवेतच इतका ओलावा असतो की कागद वाळता वाळत नाही आणि कोऱ्या तिकिटांचा गोंद आपोआप चिकट होतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये जमतं, पण तेव्हा तिकिटं फार झपाट्याने वाळतात आणि सुरळ्या होतात.

सामान फार लागत नाही. चपट्या, गुळगुळीत टोकाचा चिमटा घ्या. भुवया कोरण्याच्या चिमट्याला आतून खाचा असतात आणि दवाखान्यातल्या चिमट्याचं टोक सुईसारखं असतं, दोन्ही तिकिटाला भोक पाडतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन पसरट ताटं किंवा एक परात आणि एक ताट, टीपकागद, छपाई नसलेले पांढरे कागद, मऊ पेन्सिल, कोरी पाकिटं आणि एक स्टॉकबुक (पानांवरच्या पट्ट्यांत तिकिटं न चिकटवता खोचून ठेवायची वही) एवढं पुरे. टीपकागद मिळाला नाही तर धुऊन धुऊन मऊ झालेलं पांढरं धोतर किंवा पंचा चालतो. पाणी साधं, शक्यतो गाळलेलं. बोअरच्या जड पाण्याने वाळल्यावर तिकिटावर पांढुरका थर राहतो.

टेबलावर काय नको तेही ऐका : सेलोटेप, फेव्हिकॉल, स्टेपलर, बॉलपेन, रबरबँड. जुनं पाकीट लॅमिनेट करून आणण्याची कल्पना कुणी मांडली तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. लॅमिनेशन उष्णतेने चिकटतं, ते कागदाला इजा न करता निघत नाही. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. सांगलीत हे मुद्दाम सांगायला हवं, कारण स्वयंपाकघरातून थेट टेबलाशी आलेल्या बोटाची हळद कागदावर बसली की जात नाही.

टप्पा १ : चळत मोडण्याआधी

जुनी माणसं पत्रं उगाच बांधून ठेवत नसत. एक गठ्ठा एका माणसाचा, एका वर्षाचा किंवा एका व्यवहाराचा असतो. दोरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मग वरून खाली ज्या क्रमाने पत्रं निघतील त्या क्रमाने प्रत्येकाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने हलकासा क्रमांक टाका. पत्र पाकिटातून काढलंत तर परत त्याच पाकिटात घाला. पाकिटावरची तारीख पुसट असते तेव्हा आतल्या मजकुरावरूनच ती कळते.

पेढ्यांची आणि दुकानांची पत्रं बहुधा तारेला टोचलेली सापडतात. ही पोस्टकार्डं तारेवरून ओढून काढायची नाहीत. गंजलेली तार कागदाला धरून बसते आणि भोकाची चीर होते. तारेचं वाकवलेलं टोक पक्कडीने कापा आणि कार्डं एकेक करून सरळ वर सरकवा. मधलं भोक तसंच राहू द्या, ते बुजवायचा खटाटोप नको.

तपासा : गठ्ठ्यात वाळवीची माती, कसरीने कुरतडलेल्या कडा किंवा हिरवट बुरशी दिसली का? दिसली तर तो गठ्ठा बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा, नाका-तोंडाला फडकं बांधून गच्चीत सावलीत उघडा आणि मऊ ब्रशने झटका.

टप्पा २ : पाकीट वाचा

तिकिटाकडे पाहण्याआधी शिक्का पाहा. गाव, तारीख, आणि जमलं तर मागच्या बाजूला पत्र पोचल्याचा दुसरा शिक्का. शिक्का पुसट असेल तर आपल्या भागात काळ ओळखायच्या काही हुकमी खुणा आहेत.

तिकिटावरची किंमत आण्यांत असेल तर ते १ एप्रिल १९५७ पूर्वी छापलेलं. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ नंतरचं, आणि १९६४ पासून ‘नये’ गेलं, नुसते पैसे राहिले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिन त्या दिवशी सुरू झाला. उलटं मात्र धरू नका. पिन नाही म्हणून पत्र जुनं असं होत नाही, आपल्याकडे पिन लिहायची सवय लागायला फार वर्षं गेली.

सगळ्यांत उपयोगी खूण पत्त्यातल्या जिल्ह्याची. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचं नाव २१ नोव्हेंबर १९६० रोजी सांगली झालं. त्यामुळे ‘मु. पो. तासगाव, जि. दक्षिण सातारा’ असा पत्ता दिसला की ते पत्र साधारण त्या अकरा वर्षांतलं. लोक सवयीने जुनं नाव पुढेही लिहीत राहिले हे खरं, म्हणून शिक्क्याशी ताडून बघा. याच अकरा वर्षांत आणे जाऊन नये पैसे आले, त्यामुळे एकाच पाकिटावर आण्याचं आणि नव्या पैशांचं तिकीट शेजारी शेजारी बसलेलं दिसू शकतं. असं पाकीट कात्रीजवळही नेऊ नका.

जे कळलं ते एका वहीत लिहा : क्रमांक, कुठून, कुठे, तारीख, तिकिटांची किंमत, काही वेगळं असेल तर ते. वही कंटाळवाणी वाटते, पण पुढे ज्या पाकिटांना तुम्ही भिजवणार आहात त्यांची एवढीच नोंद उरणार आहे.

टप्पा ३ : चार ढीग

सगळ्यांत जास्त नुकसान याच टप्प्यात होतं, म्हणून इथे घाई नको. टेबलावर चार जागा करा. पहिल्या ढिगात पूर्ण ठेवायची पाकिटं, दुसऱ्यात भिजवायची, तिसऱ्यात तिकीट कागदासकट कापून ठेवायची आणि चौथ्यात जी मुळात डाकतिकिटंच नाहीत ती.

पहिला ढीग मोठा झाला तर घाबरू नका, तो तसाच व्हायला हवा. त्यात काय जातं ते पाहू.

१९५७ पूर्वीचं सगळं. तिकीट कितीही साधं असो, शिक्का कितीही पुसट असो.

लष्करातली पत्रं. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सैन्यात गेली. त्यांच्या पत्रांवर पुष्कळदा तिकीट नसतंच. असतो तो नुसता आकडा असलेला फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे लष्करी डाकघराचा शिक्का, कधी पत्र तपासणाऱ्या सेन्सॉरचा शिक्का, कधी ‘ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ एवढे शब्द. तिकीट नाही म्हणून ही पत्रं सगळ्यांत आधी रद्दीत जातात. टपाल-इतिहास गोळा करणारे नेमकी हीच शोधत असतात. त्यांना तिकिटापेक्षा शिक्का महत्त्वाचा.

छापील पाकिटं आणि कार्डं. किर्लोस्करवाडीचे कारखाने आणि मासिकं, ओगलेवाडीचं काचकाम, मिरजेचे सतार-तंबोरे करणारे कारागीर, सांगलीच्या वखारभागातल्या हळद-गुळाच्या पेढ्या यांच्या पत्रांवर नाव, पत्ता, कधी चित्रसुद्धा छापलेलं असतं. तिकीट कापलं की उरतो तो पाच पैशांचा तुकडा. पूर्ण ठेवलं तर त्या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता ते दिसतं.

गलाईवाल्यांची पत्रं. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. त्या घरांत मद्रास, कलकत्ता किंवा आणखी कुठल्या तरी लांबच्या पेठेचा शिक्का आणि खाली मोडीवळणाचं मराठी अक्षर असलेली पाकिटं निघतात. सबंध गठ्ठा एकत्र राहिला तर तो एक संग्रह आहे, सुटी तिकिटं झाली तर नुसती तिकिटं.

रजिस्टरची चिठ्ठी चिकटवलेली, बैरंग येऊन दंड भरलेली, ‘पत्ता मिळत नाही’ म्हणून परत फिरलेली, विमानटपालाची आणि परदेशी पाकिटं. फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेलं खास पाकीट. आणि पोस्टकार्ड, अंतर्देशीय पत्र व छापील तिकिटाचं पाकीट, कारण त्यांच्यावरचं तिकीट कागदाचाच भाग आहे. तो चौकोन कापला की हातात काहीच राहत नाही.

एक खास खूण : कुटुंब नियोजनाचं लाल, पाच पैशांचं तिकीट आणि त्यावर निर्वासितांच्या मदतीचा ठसा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा घेत. काही ठिकाणी छापील ठशाचं तिकीट वेळेवर मिळालं नाही, तिथे रबरी शिक्का मारून काम भागवलं. हे स्थानिक ठसे पाकिटावरच अर्थपूर्ण असतात. सुटं तिकीट कुणी घरीही शिक्का मारून बनवू शकतो.

चौथ्या ढिगाबद्दल आपल्याकडे गोंधळ फार. पावतीवरचं रेव्हेन्यू तिकीट आणि कोर्ट फी स्टॅम्प ही डाकतिकिटं नव्हेत. सांगली, मिरज, औंध अशा संस्थानांचे कोर्ट फीचे कागद घरोघरी आहेत आणि ‘संस्थानाचं पोस्टाचं तिकीट’ म्हणून दाखवले जातात. ती वेगळी शाखा आहे, तिचे संग्राहकही वेगळे. स्वतःची डाकतिकिटं काढली ती शेजारच्या भोर संस्थानाने, १८७९ मध्ये आणि पुन्हा १९०१ मध्ये. ती दिसली असं वाटलं तर आनंद आवरा, संस्थानी तिकिटांच्या नकला भरपूर आहेत.

इशारा : खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र यांवरचा स्टॅम्प कधीही कापू नका. तो छंदाचा प्रश्न नाही. दस्तच बिघडतो आणि तो कागद उद्या जमिनीच्या कामाला लागू शकतो.

तिसऱ्या ढिगात पाण्याला न जुमानणारी किंवा पाण्याने बिघडणारी तिकिटं टाका : स्टिकरसारखी सोलून लावलेली, अमेरिकेसारख्या देशांची अलीकडची बरीच तिकिटं याच जातीची, शिवाय जांभळी शाई पसरलेली, गडद रंगाच्या कागदावरची.

दुसऱ्या ढिगात मग उरतं काय? गेल्या पन्नास-साठ वर्षांतली रोजची तिकिटं, साध्या पाकिटांवरची, पाकिटावर दुसरं काही सांगण्यासारखं नसलेली. भिजवायचं ते एवढंच.

टप्पा ४ : कापणं आणि भिजवणं

तिकिटाभोवती चारही बाजूंनी बोटभर कागद सोडून कापा. दात्यांना, म्हणजे तिकिटाच्या करवती कडेला, लागून कात्री चालवली की एखादा दाता हमखास जातो. शिक्का स्पष्ट आणि पूर्ण असेल तर तिकिटापुरतं न कापता सगळा शिक्का येईल एवढा मोठा तुकडा कापा आणि तो तिसऱ्या ढिगात टाका.

कापलेले तुकडे पुन्हा निवडा : पांढऱ्या कागदाचे एकीकडे, खाकी आणि रंगीत वेगळे. लग्नपत्रिकांची पाकिटं सर्वांत दगाबाज. लाल कागद, त्यावर कुंकवाची बोटं, कोपऱ्याला हळद. परातीत असं एक पाकीट पडलं तर बाकी सगळी तिकिटं गुलाबी होऊन निघतात. जुन्या पत्रांत कॉपी पेन्सिलीचा मजकूर असतो. कोरडा असताना तो करडा दिसतो, पाणी लागताच जांभळा होऊन पसरतो. असे तुकडे एकेकटे, गार पाण्यात, वाटीत भिजवा आणि सुटताक्षणी काढा.

परातीत दोन बोटं पाणी घ्या. कोमट म्हणजे हाताला जेमतेम ऊन लागेल इतकंच. तुकडे तिकिटाची बाजू वर ठेवून पाण्यावर सोडा, एकावर एक नकोत. एका वेळी परातीत जेवढी सुटी मावतील तेवढीच. पाण्यात मीठ, साबण, सोडा काही नको.

आता थांबा. अर्धा तास सहज लागतो. या अर्ध्या तासात माणसं कोपरा उचलून बघतात आणि तिथेच तिकिटाची मागची बाजू सोलली जाते. तिकीट कागदापासून ओढायचं नसतं, कागद तिकिटापासून सरकवायचा असतो. गोंद विरघळला की तिकीट बोटाच्या नुसत्या धक्क्याने घसरतं. घसरत नसेल तर अजून वेळ आहे.

पोस्टाच्या काउंटरवरच्या डिंकाने लावलेली तिकिटं लवकर सुटतात. घरच्या खळीने लावलेल्यांना जास्त वेळ आणि एकदा पाणी बदलणं लागतं. फेव्हिकॉलची सर्वांत हट्टी : पाणी पुन्हा कोमट करून तासभर ठेवा, तरीही नाही सुटली तर कागदासकट वाळवून तिसऱ्या ढिगात टाका. नखाने खरवडू नका.

सुटलेलं तिकीट दुसऱ्या ताटातल्या स्वच्छ पाण्यात घाला आणि मागची बाजू बोटाच्या पेराने हलकेच चोळा. बुळबुळीत लागतंय म्हणजे गोंद बाकी आहे. हे दुसरं ताट बरेच जण गाळतात. मग वाळताना तिकीट टीपकागदाला चिकटतं आणि सगळं काम पुन्हा पाण्यात जातं.

इशारा : ओलं तिकीट बोटांनी कोपऱ्याला धरून उचलू नका, ओल्या कागदात जीव नसतो. चिमटा तिकिटाखाली घालून मधोमध आधार देत उचला.

टप्पा ५ : वाळवणं

पांढऱ्या कापडावर किंवा टीपकागदावर तिकिटं चित्राची बाजू खाली करून पसरा. त्यामुळे मागे उरलेला गोंद कशाला चिकटत नाही. वर्तमानपत्राची शाई ओल्या तिकिटावर उतरते, तेव्हा ते नकोच. उन्हात नको, रंग उडतात. पंखा चालू असेल तर तिकिटं घरभर शोधावी लागतील. इस्त्री तर मुळीच नको. उष्णतेने कागद कडक होतो, रंगही बदलू शकतो.

पूर्ण वाळू देऊ नका. हाताला जरा गार लागत असतानाच तिकिटं दोन टीपकागदांमध्ये घालून वर जाड पुस्तकांचा भार ठेवा. दुसऱ्या दिवशी टीपकागद बदला आणि पुन्हा दाबा. दोन-तीन दिवसांनी ती सपाट निघतात. भार काढल्यावर वाकली तर आत ओल आहे, आणखी एक दिवस ठेवा. पक्की कोरडी झाल्याशिवाय स्टॉकबुकात एकही घालायचं नाही. ओलसर तिकीट शेजारच्यांनाही डाग पाडतं.

टप्पा ६ : तपासणं

प्रत्येक तिकीट उजेडासमोर धरा. मागून कागद सोलला गेला असेल तिथे उजळ ठिपका दिसतो, ते पातळ पडलेलं तिकीट. मग दाते मोजल्यासारखे चारही बाजूंनी पाहा, विशेषतः कोपरे. मग घडी, मग डाग. एकाच तिकिटाच्या अनेक प्रती असतील तर सर्वांत चांगल्या दोन ठेवा, बाकीच्या अदलाबदलीच्या पाकिटात.

अदलाबदलीत टाकण्याआधी मात्र एकसारखी दिसणारी तिकिटं खरंच एकसारखी आहेत का ते बघा. १९५७ ची भारताच्या नकाशाची नये पैशांतली मालिका याचं उत्तम उदाहरण. आधीच्या छपाईच्या कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच आत उमटवलेली फिकट खूण आहे, १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभाच्या सिंहांचा. वरून दोन्ही सारखीच. तिकीट पालथं करून काळ्या कागदावर ठेवा आणि तिरप्या उजेडात पाहा. नाही दिसलं तर खिडकीच्या काचेसमोर धरा. पेट्रोल किंवा लायटरचं द्रव टाकून वॉटरमार्क पाहायची युक्ती सांगितली जाते. घरात, मुलांसमोर, ती करू नका.

दात्यांचं मापही याच वेळी घ्या. दोन सेंटिमीटर लांबीत किती भोकं बसतात तो आकडा म्हणजे माप. छापील पट्टी विकत मिळते, तिकीट तिच्यावर सरकवायचं आणि जिथे भोकं जुळतील तो आकडा वाचायचा.

‘सर्व्हिस’ किंवा ‘सेवा’ लिहिलेली सरकारी कामाची तिकिटं वेगळी ठेवा. रंगीत चित्र नाही म्हणून मुलं ती बाजूला सारतात. याउलट शारजा, अजमान वगैरेंची पाकिटबंद, चकचकीत, कोपऱ्यात छापील शिक्का असलेली तिकिटं मुलांना फार आवडतात. ठेवू द्या, पण त्यातली बहुतेक पत्रावर कधी चढलेलीच नाहीत, हेही सांगा.

टप्पा ७ : लावणं

आधी सगळं स्टॉकबुकात, मग पानावर. थेट पानावर लावायला घेतलं की दहाव्या पानावर पहिल्या पानाचं तिकीट सापडतं.

वापरलेली तिकिटं हिंजने लावा. हिंज म्हणजे गोंद लावलेला पातळ कागदाचा चिटोरा. एक तृतीयांश भाग मुडपा, तो आखूड भाग किंचित ओला करून तिकिटाच्या मागे वरच्या कडेखाली लावा आणि लांब भाग पानाला. थुंकी जास्त झाली की तिकीटच पानाला चिकटतं. हिंज काढायचा असेल तर पूर्ण सुकू द्या, ओला ओढला तर तिकीट सोलतं. कोऱ्या, गोंद शाबूत असलेल्या तिकिटाला हिंज लावायचाच नाही. त्याच्यासाठी पारदर्शक खिसे मिळतात. पाकिटं चार कोपऱ्यांना कागदी त्रिकोण लावून पानावर बसवा, म्हणजे कधीही काढून मागची बाजू पाहता येते.

विषय कोणता घ्यावा? फुलपाखरं, रेल्वे, क्रिकेट हे सगळे करतात आणि ते पैशांनी पूर्ण होतं. आपल्याकडच्या नवख्याने आपल्या तालुक्यातले शिक्के घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. पलूस, कडेगाव, शिराळा, जत किंवा कोरेगाव, वाई, माण : तालुक्यातल्या प्रत्येक डाकघराचा एक स्वच्छ, तारीखवार शिक्का. खर्च जवळजवळ नाही, पाहुण्यारावळ्यांची मदत होते आणि काम संपता संपत नाही. चित्रांचाच विषय हवा असेल तर सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुल्यांचं १० मार्च १९९८ चं तिकीट घेऊन तिथून पुढे जाता येईल.

स्वतःसाठी शिक्का घ्यायचा तर पत्र पेटीत टाकू नका. काउंटरवर द्या आणि ‘जरा हाताने, स्वच्छ मारता का’ असं विचारा. गर्दीची वेळ टाळलीत तर बहुतेक पोस्टमास्तर मनापासून मारून देतात.

नवी तिकिटं घरपोच हवी असतील तर टपाल खात्याचं फिलाटेली डिपॉझिट अकाउंट उघडता येतं, किमान २०० रुपये भरून. सहावी ते नववीच्या मुलांसाठी दीनदयाळ स्पर्श योजनेत वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्तीही आहे. तिच्यासाठी शाळेच्या फिलाटेली क्लबचं सदस्यत्व किंवा मुलाच्या नावाचं असं खातं लागतं. अर्जाच्या तारखा मुख्य डाकघरात विचारा.

टप्पा ८ : जपणं, आणि विकायचा मोह

अल्बम पुस्तकासारखा उभा ठेवा. आडवे रचले की खालच्या पानांवर भार येतो आणि गोंद चिकटतो. भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, पावसाळ्यात बाहेरची भिंत आतून ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या मधूनमधून बदला. डांबरगोळ्या अल्बमला टेकू देऊ नका. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकचे फोटो-अल्बम आणि चिकट पानांचे अल्बम दोन्ही वर्ज्य. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पानं उलटून हवा द्या, बुरशीचा तपकिरी ठिपका सुरुवातीलाच दिसला तर ते एकच तिकीट जातं.

किमतीबद्दल थोडक्यात. कॅटलॉगमधला, म्हणजे तिकिटांच्या छापील किंमतयादीतला आकडा म्हणजे तुमच्या हातात पडणारी रक्कम नव्हे, आणि रोजच्या वापरातली तिकिटं लाखांनी छापलेली असतात. महाग म्हणून जी प्रसिद्ध आहेत, उदाहरणार्थ १५ ऑगस्ट १९४८ च्या गांधी मालिकेतलं दहा रुपयांचं, त्यांच्याच नकला जास्त फिरतात. मोबाइलवर ‘तुमचं तिकीट लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा निरोप आला तर तो घेणारा नव्हे, लुबाडणारा आहे. खरा खरेदीदार वस्तू पाहतो आणि पैसे देतो.

पुरात भिजलं तर

२००५, २०१९, २०२१ : कृष्णाकाठच्या घरांना हा टप्पा वगळून चालत नाही. जूनआधीच संग्रह वरच्या मजल्यावर हलवा, जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात, आत सिलिका जेल घालून. वही आणि फोटो दुसऱ्या घरी असू द्या.

तरी भिजलंच, तर चिकटलेली पानं ओढून उघडू नका. गाळ लागला असेल तर परातीत स्वच्छ पाण्यात बंद अल्बमच हलकेच बुडवून बाहेरचा गाळ जाऊ द्या. मग किती काम एका दिवसात होईल त्याचा अंदाज घ्या. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून जे आज-उद्या वाळवता येणार नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. वीज नसेल तर कोरड्या गावातल्या नातेवाइकांच्या फ्रीजरमध्ये. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. पुढे सवडीने एकेक पिशवी काढा, वितळू द्या आणि टप्पा चार-पाचप्रमाणे हाताळा. वाळवण्याची सुरुवात पूर्ण पाकिटांपासून करा, कारण शाई त्यांच्यावर आहे. वापरलेली सुटी तिकिटं पाण्याला सरावलेली असतात, ती थांबतील.

कोरी तिकिटं एकमेकांना चिकटून वाळली असतील तर पाणी हा शेवटचा उपाय, त्यात गोंद जातो. आधी झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवा, त्यावर जाळी, जाळीवर तिकिटं, आणि झाकण लावा. काही तासांनी उघडून पाहा. कडा सैल झाल्या असतील तर चिमट्याचं चपटं टोक घालून हळूहळू सोडवा, नाही तर झाकण पुन्हा लावा. सुटलेली तिकिटं गोंदाची बाजू वर करून मोकळी वाळू द्या. भार ठेवायचा तो गोंद पूर्ण कोरडा झाल्यावर.